टेबलाखालचा फासा

फासा उसळला, ताटाच्या उजव्या काठावर आपटला, तिथून उडाला आणि स्क्रीनबाहेर गेला. ती खाली वाकली. खुर्ची मागे सारून, एका हाताने टेबलाची कड धरून, मान तिरपी करून तिने टेबलाखाली पाहिलं. तिथे वायरींचा गुंता होता, चित्रकाराने कधीतरी ठेवून विसरलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं, धुळीचा एक मऊ गोळा होता. फासा नव्हता. असणार नव्हताच. तो फासा नव्हता, फाशाचं चित्र होतं; त्याला बारा तोंडं देताना चित्रकार किती कंटाळला होता ते तिने शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं होतं. पण हे सगळं तिला वाकून झाल्यावर आठवलं. वाकताना काहीच आठवलं नव्हतं. शरीर आधी गेलं होतं आणि ती मागून पोचली होती.

"सापडला का?" मागून चित्रकाराने विचारलं, आणि मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "कप्तान, इकडे या. पंच टेबलाखाली फासा शोधतायत."

पंच म्हणजे ती. खेळाचे नियम तिच्याकडे होते म्हणून या खोलीत तिला पंच म्हणत. घरीही पंचच म्हणत, लहानपणापासून, आणि ही दोन नावं एकमेकांना न विचारता कशी जुळली याचं तिला अधूनमधून नवल वाटे. कप्तान म्हणजे या छोट्या कंपनीचा मालक. दर आठवड्याला एकदा तो "जहाज बुडतंय" असं जाहीर करी, म्हणून कप्तान. तो आला, त्याने स्क्रीन पाहिला. स्क्रीनवर रिकामं ताट होतं आणि त्याखाली शब्द होते: फासा थांबतोय. प्रोग्रॅम फासा थांबायची वाट बघत होता.

"कुठे गेला?"

"पडतोय," चित्रकार म्हणाला. "ताटाच्या उजव्या बाजूला मी भिंत घालायची विसरलो. बाहेर गेला. बाहेर जमीन नाही. त्यामुळे अजून पडतोय."

खाली लाँड्री होती. तिच्या यंत्रांची घरघर जमिनीतून तळपायांत चढत होती आणि फरशी नेहमीसारखी कोमट होती. फासा पडत होता. जिथे काहीच काढलेलं नाही अशा जागेतून, एकटा, बारा तोंडांनी गरगरत. तिला एकदम फार बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते न कळल्यामुळे थोडं अस्वस्थही.

"दुपारी बाई यायच्यात," कप्तान म्हणाला. "भिंत घाल आणि विषय संपव. जहाज बुडतंय."

बाई म्हणजे ज्यांनी हा खेळ मुळात रचला त्या. भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. 'पल्याड' हा खेळ त्यांनी टेबलाभोवती बसून खेळायला लिहिला होता: चारपाच माणसं, एक बारा तोंडांचा फासा, निळ्या कव्हराचं नियमांचं पुस्तक आणि एक सांगणारा. बाकीचे वाटसरू. कुणीही न पाहिलेल्या नदीपर्यंत चालत जायचं आणि ती ओलांडायची. वाटेत काय भेटतं ते सांगणारा सांगतो, वाटसरू काय करतात ते वाटसरू सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. बारा पडले तर जे हवं ते. एक पडला तर होऊ शकेल त्यातलं सगळ्यात वाईट. हा खेळ कॉम्प्युटरवर आणायचं काम या खोलीने घेतलं होतं, आणि करार असा होता की बाईंनी खेळून पाहायचं, तीन वेळा. तिसऱ्या वेळीही त्यांचा होकार आला नाही तर नाव, नकाशा, नियम सगळं बाईंकडे परत. मग या खोलीत करण्यासारखं दुसरं काही उरत नव्हतं. लाँड्रीवाला मागच्या आठवड्यात वर येऊन, सहज आल्यासारखा, हातात टेप घेऊन खिडकीची रुंदी मोजून गेला होता.

पहिल्या खेपेला बाई दोन तास खेळल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. खेळ नाही." दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "आता आणखी बरोबर आहे. आणि आणखी खेळ नाही." दोन्ही वेळा त्या सौम्यपणे म्हणाल्या होत्या, नापास मुलाची वही परत देताना म्हणावं तसं, आणि दोन्ही वेळा तिचे कान गरम झाले होते. कारण बरोबर असणं हे तिचं काम होतं. निळ्या पुस्तकात पानोपानी एक वाक्य होतं: प्रसंग पाहून ठरवावे. भिजलेला दोर माणसाचं वजन पेलेल का? प्रसंग पाहून ठरवावे. रखवालदाराला थाप पटेल का? प्रसंग पाहून. माणसाला एवढं पुरतं. कॉम्प्युटरला प्रसंग दिसत नाही, त्याला आकडा लागतो. वर्षभर तिने प्रसंगांचे आकडे केले. भिजलेला दोर, उणे तीन. रखवालदार पेंगुळलेला, अधिक दोन. रखवालदाराची बायको आजारी आहे, इथे ती अडली होती. बायको आजारी असलेला माणूस थापेला लवकर फसतो की फसतच नाही यावर तिने आणि चित्रकाराने एक अख्खी सकाळ घालवली होती आणि शेवटी दोघांना आपापल्या घरी फोन करावासा वाटला होता. बाईंनी एक नियम लिहिला असेल आणि तिने तो आणला नसेल, असं पुस्तकात कुठेही नव्हतं. यंत्र चोख चालत होतं. आणि आज, एका भिंतीच्या अभावी, त्या चोख यंत्रातून एक फासा खाली पडला आणि ती चाळिशीची बाई, गुडघ्यांचा विचार न करता, त्याच्यामागे वाकली होती. गेल्या वर्षभरात त्या स्क्रीनवरच्या कुठल्याच गोष्टीने तिला खुर्चीतून हलवलं नव्हतं.

लहानपणी घरी जेवणाच्या टेबलावर 'पल्याड' रंगायचा, आणि टेबलाखाली काय असतं हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ती शेंडेफळ, म्हणून बहुतेक वेळा तीच जायची. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड कडेने लोंबत असे, ते वर उचलून आत शिरलं की मागे पडे आणि उजेड चहाच्या रंगाचा होई. वरचे आवाज लाकडातून गाळून येत, सगळ्यांचे आवाज असूनही कुणाचेच नसल्यासारखे. समोर पाय. दादाचे पाय सतत हलणारे, मोजा एकच. शेजारच्या मावशींचे पाय जमिनीला टेकत नसत, ते हवेत एकमेकांवर अढी घालून असत. मावशी दिवसभर टपालकचेरीत शिक्के मारायच्या आणि तिच्या घरी येऊन हटकून दरोडेखोर व्हायच्या. आणि आईचे पाय. आई सांगणारी. चपला काढून ठेवलेल्या, टाचा जुळवलेल्या. फासा बहुधा आईच्या खुर्चीच्या मागच्या पायाशी जाऊन थांबलेला असे, आणि त्याच्यावर जे पडलं असेल ते फक्त तिला दिसत असे. वर कुणाला दिसत नसे. वर येऊन ती जे सांगेल तेच पडलेलं असे. हाच नियम होता. फासा खाली गेला तर जो खाली जाईल त्याने पाहायचं, वर येऊन सांगायचं, आणि कुणीही मागून जाऊन खात्री करायची नाही. ती नेहमी खरं सांगायची. चार असेल तर चार. एकदा एकटीने आख्खं वाटसरूंचं टोळकं वाचवायची संधी होती, बारा म्हणाली असती तर झालं असतं, आणि ती म्हणाली, "पाच." मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं, किती गं सरळ तू," त्या म्हणाल्या. हे कौतुक आहे की नाही ते तिला तेव्हा कळलं नव्हतं, आणि खरं म्हणजे अजूनही नव्हतं कळलं.

पण खाली अजून एक गोष्ट होती आणि ती तिने कुणालाही सांगितली नव्हती. वर आईचा आवाज गंभीर व्हायचा. "दार," आई म्हणायची, "आपोआप उघडतं." मग थांबायची. वर सगळे श्वास धरून. आणि खाली आईच्या उजव्या पायाचा अंगठा नाचत असे. एकटाच, बाकीची बोटं स्वस्थ, हा आपला वरखाली, वरखाली. पुष्कळदा पाहून पुष्कळदा वर येऊन तिने ताडलं होतं की अंगठा नाचतो तेव्हा दारामागे काय आहे ते आईलाही ठाऊक नसतं. आई तेव्हा ते शोधत असते. आणि शोधताना तिला इतका आनंद होत असतो की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती पायात पाठवते.

"पंच," चित्रकार म्हणाला, "भिंत घालू ना?"

"थांब."

तिने निळं पुस्तक ओढलं. टेबलाखालचा एवढा मोठा नियम आपण आणलाच कसा नाही? फाशाचं प्रकरण तिला तोंडपाठ होतं. तरी तिने ते पहिल्यापासून वाचलं. फासा ताटातच टाकावा. फासा कडेला टेकून तिरपा राहिल्यास पुन्हा टाकावा. आणि त्याखाली: फासा टेबलावरून पडल्यास धरू नये, पुन्हा टाकावा. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. हे वाक्य तिने वर्षभरात कितीदा वाचलं असेल, आणि कॉम्प्युटरला टेबलाची कड नाही म्हणून कितीदा ओलांडलं असेल. नियम पुस्तकात नव्हता. पुस्तकात त्याच्या नेमका उलटा होता. ज्या खेळावर ती वाढली, ज्याच्यामुळे ती या खोलीत, या खुर्चीत येऊन बसली, तो बाईंचा खेळ नव्हताच असं झालं मग. तिने फोन उचलला आणि जिन्यात गेली.

"बोला पंच," दादा म्हणाला. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. "एकच मिनिट, समोर एक काका चौथी ओळ वाचतायत. हं, वाचा काका."

"दादा, टेबलाखाली गेल्यावर तुला खरंच दर वेळी एक पडायचा?"

दादा टेबलाखाली क्वचित जाई, पण गेला की तोंड पाडून वर येई आणि म्हणे, "अरे देवा, एक." इतक्यांदा, की मावशींनी त्याचं नाव एक्क्या ठेवलं होतं. घरातला सगळ्यात फुटक्या नशिबाचा माणूस म्हणून तो प्रसिद्ध होता, आणि नशिबाचा विषय निघाला की अजूनही त्याला लोक लग्नकार्यात चिडवत.

दादा खुदकन हसला. "हे विचारायला तुला एवढी वर्षं लागली?"

"म्हणजे?"

"अगं, बारा तोंडं त्याला. गणितात पहिली कोण यायची? दर वेळी एक कसा पडेल?"

"मग खोटं का सांगायचास? आणि सांगायचंच तर एक का?"

"बारा सांगितले की काय व्हायचं? होडी नीट जायची, पल्याड पोचायचो, आई म्हणायची झोपा आता. एक म्हटलं की होडी फुटायची. मावशी उठत असायच्या त्या परत बसायच्या. आई आधी वैतागायची आणि मग काय एकेक काढायची! ती माशाच्या पोटातली शाळा आठवते? ती माझ्या एकामुळे. ते बेट? माझं. काका, ती नाही, खालची ओळ."

"म्हणून आपण कधी पल्याड पोचलोच नाही."

"पोचायचं कुणाला होतं?" दादा म्हणाला.

जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकत होतं. ती त्या गादीकडे बघत राहिली. आपण खरं सांगत होतो आणि दादा खोटं सांगत होता आणि दोघेही एकाच खेळाला राखत होतो, असं काहीतरी वाक्य तिच्या मनात जुळत होतं, पण पूर्ण होईना. दादाने फोन आईला दिला. आई हल्ली सकाळी त्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना फ्रेमी सुचवत असे. न शोभणारा चष्मा ती विकू देत नसे आणि त्यामुळेच म्हणे दुकान चालत होतं.

"आई, फासा खाली पडला तर खाली जाणाऱ्याने सांगायचं, हा नियम तू कुठे वाचला होतास?"

"कुठला नियम?"

"कुणी मागून जाऊन बघायचं नाही. हा."

"हो, तो होय. वाचला कुठला? माझ्याने वाकवायचं नाही गं. दिवसभर उभं राहून कंबर धरलेली. तुम्हाला पाठवायची. आता परत कोण उठून बघणार, म्हणून म्हटलं असेन, सांगाल ते खरं." मग दूर तोंड करून आई कुणाला तरी म्हणाली, "चौकोनी नको हो, तुम्ही त्यात हिशेब तपासणारे दिसता." मग पुन्हा फोनमध्ये: "का गं? चुकलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "काही नाही चुकलं."

ती आत आली तेव्हा चित्रकार भिंत घालून बसला होता. "काढ ती," ती म्हणाली. कप्तानाला बोलावलं. फासा पडू द्यायचा. जोरात टाकला तर पडेल, हलक्या हाताने टाकला तर नाही पडणार. पडला की स्क्रीन काळोखा होईल आणि आपण टेबलाखाली. तिथे जमीन असेल, पाय असतील, फासा असेल. खेळणाऱ्याने तो पाहायचा आणि काय पडलं ते लिहायचं. कॉम्प्युटर ते मानेल.

"मानेल म्हणजे? त्याला माहीतच असतं ना काय पडलंय?"

इथेच तर सगळं होतं. गेल्या महिन्यापर्यंत कॉम्प्युटर आधी आकडा ठरवी आणि मग फासा त्या आकड्यावर थांबताना दाखवी. फासा म्हणजे नुसता देखावा, आधीच लागलेल्या निकालाची वरात. चित्रकाराला त्याची चीड आली होती आणि त्याने कुणाला न विचारता फासा खराखुरा उसळेल, घरंगळेल असा केला होता. तो थांबल्यावर वरचं तोंड कुठलं ते प्रोग्रॅम बघे. म्हणजे बघणारी एक ओळ होती. एकच. ती काढली तर फासा पडलेला असेल, स्क्रीनवर दिसत असेल, आणि यंत्राला तो दिसत नसेल.

"त्याला न बघायला शिकवायचं," ती म्हणाली.

"लोक खोटं सांगतील," कप्तान म्हणाला.

"सांगतील."

"सगळे बारा सांगतील!"

"काही जण एक सांगतील," ती म्हणाली. "आमच्याकडे सांगायचे."

"आणि हे बाईंच्या पुस्तकात कुठे आहे?"

"नाही. पुस्तकात म्हटलंय पडलेला फासा धरू नये."

कप्तानाने टोपी नसताना टोपी काढल्यासारखा डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे दोन वेळा आपण बाईंचे सगळे नियम पाळले आणि नापास झालो. आता शेवटच्या वेळी मोडून बघायचे."

"एक मोडायचा."

"तू?" कप्तान म्हणाला. "तू म्हणतेस हे? रखवालदाराच्या एका अधिक दोनसाठी माझ्याशी आठवडाभर न बोललेली तू?" आणि मग तो एकाएकी हसला, अगदी आतून. "मारा उडी. नाहीतरी त्या लाँड्रीवाल्याने माप नेलंय."

चित्रकाराने टेबलाखालचं जग काढायला घेतलं आणि ती त्याच्या मागे उभी राहून सांगत गेली. उजेड अजून तपकिरी. कापड इतकं लांब. नाही, आवाज बंद नको, दबलेले. एका माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. "का नाही टेकत?" "बुटक्या आहेत. दरोडेखोर आहेत." चित्रकार मान हलवून काढत गेला, त्याला कारणं लागत नसत, पाय लागत. एका पायात मोजा, एका पायात नाही. खुर्चीच्या मागच्या पायाशी जागा मोकळी ठेव, तिथे फासा जातो. तिला घाई होती आणि घाई वाटत नव्हती. भूक लागली होती ती कधी लागून कधी गेली ते कळलं नाही. अंगठ्याचं मात्र तिने त्याला सांगितलं नाही. ते ओठांवर आलं होतं, पण त्यासाठी काही आकडा, काही ओळ लिहावी लागली असती, आणि ते तिला नको वाटलं. मग ती आपल्या जागेवर येऊन बसली, ती ओळ शोधली. फासा थांबला की वरचं तोंड पाहा. वर्षभर तिने ओळी घातल्या होत्या. ही काढताना तिला खिडकी उघडल्यासारखं झालं.

बाई वेळेवर आल्या. शिडशिडीत, गळ्यात दोरीला चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी खिडकीकडे पाहून उत्तर दिशा कुठे आहे ते ठरवलं, आणि टेबल थोडं फिरवून मागितलं. "नकाशाशी भांडण नको," त्या म्हणाल्या. टेबल फिरवलं. कप्तानाने होकाराचा कागद त्यांच्या उजव्या हाताला ठेवला, कागदावर पेन ठेवलं, आणि मग ते फार उघड दिसतंय असं वाटून जरा लांब सरकवलं. बाईंनी चपला काढल्या, चष्मा चढवला आणि त्या खेळायला लागल्या. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा चेहरा. चिखल ओलांडला. रखवालदाराला थाप मारली, पटली. फासा ताटात पडत होता, थांबत होता. बाई फार जपून टाकत होत्या. तिला वाटलं, ह्या अशाच टाकणार. ह्या कडेपर्यंत जाणारच नाहीत, आणि खाली काढलेलं सगळं, तो उजेड, तो मोजा, मावशींचे पाय, कुणीच न बघता राहणार. सांगावं का, बाई, जरा जोरात? पण ते सांगितलं की गेलंच.

नदी आली. काठावर नावाडी होता आणि तो नाव द्यायला तयार नव्हता. बाईंनी त्याला विनवलं, मग धमकावलं, मग पहिल्यांदाच त्या स्क्रीनशी बोलल्या: "मेल्या, देतोस की नाही?" आणि त्यांनी फासा फेकला. माउसवरचा हात टेबलाच्या पार टोकाला गेला. फासा काठावर आपटला आणि गेला.

"गेला की!" बाई म्हणाल्या.

स्क्रीन काळोखला. कापड वर झालं, मागे पडलं. चहाच्या रंगाचा उजेड, दबलेले आवाज, पाय. खुर्चीच्या मागच्या पायाशी काहीतरी पांढरं. आणि अक्षरं: वरून कुणी बघत नाही. काय पडलं?

बाईंनी ती अक्षरं दोनदा वाचली. कप्तान खिडकीबाहेर बघत होता, बुडण्याच्या दिशेने.

"पडलेला फासा धरू नये असं मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"हो. सकाळी वाचलं."

"मग?"

"आमच्याकडे धरायचे. जो खाली जाईल तो सांगेल ते खरं."

"कुणी ठरवलं?"

"आईने. तिची कंबर दुखायची."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे मांजर होती," त्या म्हणाल्या. "फासा खाली गेला की तिचा. मग तो कसा धरणार? म्हणून लिहिलं, धरू नये." त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. "पण ह्या यंत्राला माहीत असणार काय पडलंय ते."

"नाही."

"खरं सांगताय?"

"बघायची ओळच काढून टाकली आज. त्याला खरंच माहीत नाही. तुम्ही सांगाल ते."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तर ते पडलं," ती म्हणाली.

बाई थोड्या पुढे सरकल्या. "तोंडं फिरवा तिकडे सगळ्यांनी," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, आणि तिघांनी निमूट फिरवली. बाईंनी दोन्ही हातांचा आडोसा स्क्रीनला केला. पाठ असूनही तिला ते कपड्यांच्या सळसळीवरून कळलं. कोपर कशाला तरी लागलं. कागद सरकला, पेन घरंगळलं आणि टेबलावरून खाली पडलं. "मी बघते," ती म्हणाली आणि वाकली, या खेपेला आपण वाकतोय हे माहीत असताना. फरशी कोमट होती. वायरी, पुठ्ठ्याचं खोकं, धुळीचा गोळा, सगळं सकाळचंच होतं. पेन बाईंच्या खुर्चीच्या मागच्या पायाशी जाऊन थांबलं होतं. तिने हात लांब केला.

"एक," वर बाईंचा आवाज आला, खणखणीत, दुःखी. "काय नशीब बघा. एक पडला."

"अरेरे," वर कप्तान म्हणाला, मनापासून.

बाईंचे पाय तिच्या समोर होते. टाचा जुळवलेल्या, चपला बाजूला नीट ठेवलेल्या. आणि उजव्या पायाचा अंगठा नाचत होता. बाकीची बोटं स्वस्थ. हा एकटा, वरखाली, वरखाली. वर होडी फुटल्याचा आवाज झाला, पाण्याचा आवाज झाला, चित्रकार कळवळून काहीतरी बोलला, आणि बाई अगदी कोरड्या स्वरात म्हणाल्या, "आता काय होतं पुढे?" अंगठा आणखी जोरात नाचायला लागला. पेन तिच्या बोटांना लागलं होतं. गार, गुळगुळीत.

"पेन सापडलं का गं?" कप्तानाने वरून विचारलं. त्याच्या आवाजात होकाराचा कागद होता.

पेन तिच्या मुठीत होतं. ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून होती.

"अजून नाही," ती म्हणाली.